समुद्रातले पर्वत: सापडणे आणि पुन्हा सापडणे

ठाण्यात प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे: "समुद्राखाली हजारो पर्वत आहेत असे वाचले. जे डोळ्यांना दिसत नाहीत ते मोजले कसे? त्यांच्यावरच्या जीवसृष्टीचा अभ्यास कसा करतात, आणि तिच्यावर वर्षानुवर्षे लक्ष ठेवणे म्हणजे प्रत्यक्षात काय करणे? आपल्याकडे यातले काय चालते, आणि मला यात यायचे असेल तर सुरुवात कुठून करू?"

मी सागरतळावरच्या प्राण्यांचा अभ्यास करतो. ऐरोलीत घर आणि वर्षातले काही आठवडे जहाजावर, असा माझा गेल्या चोवीस वर्षांचा क्रम आहे. तुमच्या प्रश्नातला लक्ष ठेवण्याचा भाग सर्वांत अवघड आहे आणि त्यासाठीच सर्वांत कमी वेळ व पैसा मिळतो. म्हणून बाकीचे त्याच्यापर्यंत पोहोचण्यापुरतेच सांगतो.

आधी वाशीच्या खाडीपुलाकडे चला. उधाणाच्या दिवसांत ओहोटी पूर्ण लागली की पुलाचे खांब पाहा. खाडीचा तळ बहुतांश चिखलाचा आहे आणि कालवाच्या तरंगत्या पिलाला चिखलात चिकटायला जागा नसते. खांबावर मात्र भरतीच्या रेषेखाली कालवे आणि बार्नॅकल यांचा खरबरीत थर चढलेला दिसतो, कारण खांबाने त्यांना दोन गोष्टी दिल्या आहेत: धरून बसायला कठीण पृष्ठभाग, आणि खांबाला वळसा घालताना वेग घेणारे, अन्न घेऊन येणारे पाणी. खोल समुद्राचा तळही असाच मैलोन्‌मैल मऊ गाळाचा असतो आणि त्यातून वर आलेला पर्वत हा तिथल्या जिवांसाठी एक प्रचंड खांब असतो. फरक काळाचा आहे. खांब खरवडला तर वर्षा-दोन वर्षांत कालवे पुन्हा धरतात. पर्वत खरवडला तर काय होते, ते पुढे येईल.

दगडाचा दुवा तर आपल्या पायाखालीच आहे. पारसिकचा डोंगर ज्या काळ्या बेसाल्टचा आहे, त्याच जातीच्या दगडाचे बहुतेक सागरी पर्वत असतात, कारण ते मुळात ज्वालामुखी आहेत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा ज्या तप्तस्थानातून, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून उष्ण खडक वर येणाऱ्या जागेतून, आला असे मानले जाते, त्याच्यावरून आपला भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी बुडालेली रांग उरली. तेच तप्तस्थान आज रेयूनियन बेटावरचा ज्वालामुखी धगधगता ठेवते. लक्षद्वीपची बेटे म्हणजे या बुडालेल्या कण्यावर प्रवाळांनी रचलेला चुनखडीचा थर होय.

आसपासच्या तळापासून किमान १,००० मीटर उंच असेल तरच त्याला सागरी पर्वत, म्हणजे सीमाउंट, म्हणावे हा जुना नियम आहे. आम्ही जीवशास्त्राचे लोक १०० मीटरच्या टेकडीचीही दखल घेतो, कारण प्रवाळाला तो नियम ठाऊक नसतो. एखाद्या भूरूपाच्या अधिकृत नावात 'सीमाउंट' हा शब्द प्रथम आला तो १९३८ मध्ये, कॅलिफोर्नियाजवळच्या डेव्हिडसन सीमाउंटच्या निमित्ताने. ज्यांचे माथे लाटांनी कापून सपाट झाले आणि नंतर खचून खाली गेले, त्यांना गायोट म्हणतात.

आता मोजदाद. पर्वताचे वस्तुमान आजूबाजूचे पाणी स्वतःकडे किंचित ओढते. त्यामुळे २,००० मीटर उंचीच्या पर्वतावर समुद्राचा पृष्ठभाग सुमारे २ मीटरने फुगलेला असतो. हा फुगवटा कित्येक किलोमीटरवर पसरलेला असल्याने बोटीतल्या माणसाला तो कळत नाही, पण उपग्रहावरील रडारला कळतो. या पद्धतीने स्मिथ आणि सँडवेल यांनी १९९७ मध्ये जगाच्या समुद्रतळाचा नकाशा प्रसिद्ध केला. २०११ च्या यादीत २४,६४३ पर्वत होते आणि २०२३ मध्ये सुधारित उपग्रह-माहितीवरून १९,३२५ नव्या पर्वतांची भर पडून ही संख्या ४३ हजारांच्या पुढे गेली. मात्र हे आकडे बहुतांशी अनुमानाचे आहेत. यांतल्या फार थोड्या पर्वतांवरून जहाज गेले आहे, आणि ज्यांच्यावर कॅमेरा उतरला असे तर त्याहूनही थोडे. ८ जानेवारी २००५ रोजी अमेरिकेची 'सॅन फ्रान्सिस्को' ही अणुपाणबुडी ग्वामच्या दक्षिणेला पूर्ण वेगात अशाच एका पर्वतावर आदळली आणि एक खलाशी मरण पावला. ती ज्या नकाशावर विसंबून चालली होती, त्यात तो पर्वत नव्हता.

जहाजावरून खरे मापन होते ते मल्टीबीम इको साउंडरने. जहाजाच्या तळातून ध्वनीचे शेकडो अरुंद झोत पंख्यासारखे खाली सोडतात आणि प्रत्येकाचा प्रतिध्वनी परत यायला लागलेल्या वेळेवरून खोली काढतात. समुद्रात ध्वनी सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो, म्हणजे ४,००० मीटर खोलीला जाऊन यायला ५ सेकंदांहून अधिक वेळ लागतो, आणि तिथे १ अंशाच्या झोताचा तळावरचा ठसा सुमारे ७० मीटर रुंद होतो. एवढ्या ठशात प्रवाळाची अख्खी बाग एका आकड्यात मिसळून जाते. शिवाय हा वेग तापमान आणि क्षारतेनुसार बदलतो. अरबी समुद्रात इराणच्या आखातातून आणि तांबड्या समुद्रातून आलेल्या खारट पाण्याचे थर मध्येच पसरलेले असल्याने, आधी उपकरण खाली सोडून पाण्याचा थरवार छेद घेतला नाही, तर सपाट तळाच्या कडा नकाशावर वर वळलेल्या किंवा खाली झुकलेल्या दिसतात. नवखा माणूस त्या कडांना दरी समजतो. मीही एकदा समजलो होतो.

पर्वतावर जीवन दाट का असते, याचे पाठ्यपुस्तकातले उत्तर असे की माथ्यावर पाण्याचा भोवरा अडकतो, खालचे पोषक पाणी वर येते आणि प्लवक वाढते. हे घडते, पण दीर्घकाळ टिकणारे असे भोवरे प्रत्यक्ष मापनात थोडेच सापडले आहेत. मला अधिक पटणारे कारण साधे आहे. खोल पाण्यातले असंख्य छोटे प्राणी रात्री वर चरायला येतात आणि पहाटे खाली परततात. रात्रीतून प्रवाहाने त्यांना पर्वताच्या माथ्यावर आणून ठेवले, तर पहाटे खाली जायला वाट उरत नाही आणि माथ्यावरचे मासे त्यांना आयते गाठतात. त्यात सतत वाहणारे पाणी, ज्यात प्रवाळ आणि स्पंज जागच्या जागी बसून अन्न गाळून घेतात.

अरबी समुद्रासाठी इथे एक दुरुस्ती करावी लागते आणि ती महत्त्वाची आहे. आपल्याकडे साधारण १५० ते १,००० मीटरच्या दरम्यान पाण्यात प्राणवायू अत्यंत कमी असतो. एखाद्या पर्वताचा माथा या पट्ट्यात आला, तर तिथे बागेऐवजी जवळपास उजाड खडक दिसतो, आणि पट्ट्याच्या खालच्या सीमेवर, जिथे प्राणवायू नुकताच वाढू लागतो आणि अन्नही पुष्कळ असते, तिथे प्राण्यांची एकदम दाटी होते. मेक्सिकोजवळच्या 'व्होल्कॅनो ७' या पर्वतावर १९९० च्या सुमारास हेच दिसून आले. त्यामुळे कोणी अरबी समुद्रातल्या पर्वताच्या केवळ माथ्याची चित्रफीत दाखवून "इथे काही नाही" असे म्हणाले, तर उताराची मागितली पाहिजे.

प्रत्यक्ष पाहणे होते ते केबलला बांधलेल्या, जहाजावरून चालवायच्या आरओव्ही या यानाने, स्वयंचलित यानाने किंवा माणसांच्या पाणबुडीने. मी बहुतेक काम आरओव्हीवर केले आहे. जहाजाच्या डेकवरच्या कंटेनरमध्ये आम्ही पाच-सहा जण अंधारात पडद्यांसमोर बसतो; यंत्रांसाठी वातानुकूलन इतके थंड ठेवतात की विषुववृत्ताजवळही अंगात स्वेटर लागतो. खाली उतरायलाच तास-दीड तास जातो. नैऋत्य हिंदी महासागरातल्या एका पर्वतावर १,१०० मीटरला दिवा पहिल्यांदा दगडावर पडला तेव्हाचे दृश्य मला अजून आठवते: काळ्या कड्यावर पुरुषभर उंचीचे बांबू-प्रवाळ, पंख्यासारखे पसरलेले, आणि पंख्याचे तोंड बरोबर प्रवाहाच्या काटकोनात. पायलट यान स्थिर धरायला धडपडत होता, त्यावरूनच प्रवाह किती आहे ते कळत होते. फांद्यांना ब्रिटल स्टार, म्हणजे तारामाशाचे सडपातळ भाऊबंद, हात गुंडाळून बसले होते, कारण उंचावर अन्न जास्त मिळते. पडद्यावर १० सेंटिमीटर अंतरावरचे दोन लाल लेझर-ठिपके सतत दिसतात. सगळी मापे त्या दोन ठिपक्यांवरून निघतात. ते लावायला विसरले, तर चित्रफीत सुंदर राहते, पण विज्ञानाला तिचा फारसा उपयोग उरत नाही.

नमुने मी शक्य तितके कमी घेतो. जे घेतो त्यांची फांदीच घेतो, अख्खे झाड नाही; एक तुकडा अल्कोहोलमध्ये जनुकीय कामासाठी, एक फॉर्मलिनमध्ये रचनेसाठी. बाटलीत चिठ्ठी टाकायची ती ट्रेसिंग पेपरची आणि पेन्सिलने लिहिलेली. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि सहा महिन्यांनी हातात निळसर पाणी व निनावी प्राणी उरतो. पुष्कळ ठिकाणच्या जुन्या कपाटांत असे निनावी प्राणी आहेत.

इथवर झाले ते शोधणे. एका फेरीत तुम्हाला काय आहे याची यादी मिळते. काय बदलले हे दुसऱ्या फेरीशिवाय कळत नाही, आणि दुसरी फेरी त्याच दगडापाशी झाली पाहिजे. ऐकायला किरकोळ वाटणारी ही अट काय मागते, ते माझ्याच चुकीवरून सांगतो. वर सांगितलेल्या बांबू-प्रवाळांपैकी अकरा झाडे आम्ही निवडली, प्रत्येकाजवळ क्रमांक लिहिलेली प्लास्टिकची पाटी वजनाला बांधून ठेवली आणि स्थान नोंदले. चार वर्षांनी दुसऱ्या जहाजाने परत गेलो. पाण्याखालचे स्थान जहाजावरच्या ध्वनी-यंत्रणेवरून काढतात आणि त्यात खोलीच्या सुमारे १ टक्का, म्हणजे इथे १०-१२ मीटर, चूक धरूनच चालावे लागते. पण पहिल्या खेपेला ते ध्वनी-यंत्र आणि जहाजाचा जीपीएस अँटेना यांच्यातले अंतर आम्ही नोंदवहीत लिहिलेच नव्हते. त्याने आणखी २०-२५ मीटरची भर पडली. अंधारात, दहा मीटरपलीकडे काही दिसत नसताना, आम्ही तळावरच्या आठ तासांपैकी सहा तास कड्यावर वरखाली फिरत घालवले. शेवटी चार पाट्या सापडल्या, त्यांतली एक उलटी पडून गाळाने झाकलेली. उरलेल्या सात झाडांचे काय झाले, ती मेली की आम्हालाच दिसली नाहीत, हे त्या मोहिमेच्या अहवालात लिहिता आले नाही. चूक पूर्णपणे आमची होती. तेव्हापासून मी पाटीवर कमी आणि दगडाच्या त्रिमितीय प्रतिमेवर जास्त भिस्त ठेवतो: एकाच कड्याची शेकडो छायाचित्रे जोडून प्रतिकृती करायची आणि पुढच्या खेपेला कड्याचा आकारच ओळखीची खूण मानायचा.

यंत्रे तळावर कायमची ठेवणे हा दुसरा मार्ग. त्याचा सर्वांत पूर्ण नमुना म्हणजे अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्यापासून सुमारे ४८० किलोमीटरवरचा ॲक्सियल सीमाउंट. तिथे वीज आणि माहिती वाहणारी केबल थेट किनाऱ्यापासून टाकली आहे. तळावरचे दाबमापक वरच्या पाण्याचे वजन मोजतात. खाली शिलारस भरून तळ उचलला गेला की वरचे पाणी कमी होते आणि दाब घटतो. हा ज्वालामुखी १९९८, २०११ आणि २०१५ मध्ये फुटला, आणि २०१५ चा उद्रेक चालू असतानाच किनाऱ्यावरच्या पडद्यांवर दिसला. त्या वेळी तळ सुमारे २.४ मीटर खाली बसला.

केबल सर्वत्र शक्य नाही. तिथे जुना नकाशासुद्धा मोठे काम करतो. मादागास्करजवळच्या मायोत बेटावर मे २०१८ पासून भूकंपांची मालिका सुरू झाली. मे २०१९ मध्ये फ्रेंच जहाजाने बेटाच्या पूर्वेला सुमारे ५० किलोमीटरवर मल्टीबीम चालवला, तेव्हा ३,५०० मीटर खोलीच्या तळावर सुमारे ८२० मीटर उंचीचा कोरा करकरीत ज्वालामुखी उभा होता. तो नवा आहे हे खात्रीने सांगता आले, कारण २०१४ च्या सर्वेक्षणात त्या जागी तो नव्हता. २०१४ ला ते काम कोणी केले नसते, तर २०१९ चा शोध 'आणखी एक पर्वत' एवढाच राहिला असता.

जिवांसाठी आता पाण्यातल्या विखुरलेल्या डीएनएची तपासणी पुष्कळ वापरली जाते. दोन लिटर पाणी गाळून त्यातल्या जनुकीय खुणांवरून प्राण्यांची यादी मिळते. मला ती उपयुक्त वाटते, पण जपून. डीएनए प्रवाहाबरोबर वाहत येतो, आणि ज्या प्राण्याची खूण संदर्भसंग्रहातच नाही त्याला यंत्र ओळखणार कसे? हिंदी महासागरातल्या खोल प्रवाळांबाबत हा संग्रह अजून फार विरळ आहे, त्यामुळे पेन्सिलने चिठ्ठ्या लिहिण्याचे काम संपलेले नाही.

आता खरवडण्याचा प्रश्न. हवाईजवळच्या एका काळ्या प्रवाळाचे वय किरणोत्सारी कार्बनवरून सुमारे ४,२०० वर्षे निघाले; आपल्या वेरूळच्या लेण्यांचा पहिला घण पडला तेव्हा ते झाड अडीच हजारांहून अधिक वर्षांचे होते. पर्वतांवर जमणारा ऑरेंज रफी हा मासा प्रौढ व्हायलाच काही दशके घेतो आणि शंभराहून अधिक वर्षे जगतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडजवळच्या पर्वतांवर तळाशी जाळे ओढून होणारी मासेमारी थांबवल्यावर संशोधक पुन्हा त्याच जागी गेले: टास्मानियाजवळ ५ ते १० वर्षांनी आणि न्यूझीलंडजवळ १५ वर्षांनी, आणि प्रवाळ परतल्याच्या ठोस खुणा मिळाल्या नाहीत. हवाईच्या वायव्येच्या रांगेत मात्र ३० ते ४० वर्षांनी काही ठिकाणी नवी वाढ दिसली. आधीचे दोन निष्कर्ष आणि हा तिसरा परस्परविरोधी नाहीत. पाहण्याचा काळ वेगळा आहे. साधारण संशोधन-प्रकल्प आपल्याकडे तीन ते पाच वर्षांचा असतो, म्हणजे असे बदल दिसण्याआधीच त्याचा अंतिम अहवाल सादर झालेला असतो.

सगळेच संथ असते असेही मानू नका. डेव्हिडसन सीमाउंटच्या पायथ्याशी ३,२०० मीटरवर २०१८ मध्ये हजारो ऑक्टोपस माद्या अंडी उबवताना आढळल्या. तिथल्या १.६ अंशांच्या पाण्यात अंडी फुटायला पाच ते आठ वर्षे लागतील असा हिशोब होता. त्याच माद्यांवर वारंवार कॅमेरा नेल्यावर ती दोन वर्षांच्या आत फुटतात असे कळले, कारण दगडांच्या फटींतून कोमट पाणी झिरपते. जखमांच्या खुणांवरून एकेक मादी ओळखून ही नोंद ठेवली गेली. पुन्हा तेच: त्याच जागी परत जाणे.

आपल्याकडे काय चालते? कोचीहून चालणारे 'सागर संपदा' हे जहाज सजीवांच्या सर्वेक्षणासाठी आहे, तर 'सागर कन्या'ने १९८३ पासून भूवैज्ञानिक काम केले. अरबी समुद्रातल्या पर्वतांना रामन आणि पणिक्कर या शास्त्रज्ञांची, तर एका गायोटला वाडिया यांचे नाव आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेचे 'रोसब ६०००' हे आरओव्ही २०१० मध्ये ५,२८९ मीटरपर्यंत उतरले. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या ४,०७७ कोटी रुपयांच्या खोल समुद्र मोहिमेत तीन माणसांना ६,००० मीटरपर्यंत नेणारी 'मत्स्य ६०००' ही पाणबुडी बनते आहे. साधने कमी नाहीत.

याच मोहिमेशी जोडलेला एक विषय ठाणे-रायगडच्या वाचकाला जवळचा वाटावा. विषुववृत्ताजवळ अफानासी निकितिन नावाचा सुमारे ४०० किलोमीटर लांबीचा सागरी पर्वत आहे. ४,८०० मीटरच्या तळापासून त्याचा माथा १,२०० मीटरपर्यंत येतो, म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक ठेवूनही उंची उरते. निकितिन हा पंधराव्या शतकातला रशियन व्यापारी. तो घोडा घेऊन आपल्याच चौलला उतरला होता आणि रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे. या पर्वतावर कोबाल्टयुक्त खनिजाची साय आहे, आणि ती शोधण्याच्या हक्कासाठी भारताने जानेवारी २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाकडे अर्ज केला. श्रीलंकाही त्या भागावर दावा सांगते. ही साय दगडावर दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर एवढ्या गतीने चढते, आणि प्रवाळ व स्पंज तिच्यावरच चिकटलेले असतात. खनिज काढायचे की नाही हा निर्णय सरकारचा आहे. माझे म्हणणे एवढेच की तिथले किमान दहा कडे आतापासून, दर दोन-तीन वर्षांनी, त्याच चौकटीत टिपले गेले पाहिजेत, नाहीतर पुढे काय नष्ट झाले हे सांगायला कोणाकडे आधार नसेल. दर खेपेला नवा पर्वत शोधण्याची हौस आम्हा संशोधकांनाही असते, कारण नव्या प्रजातीला नाव देता येते. जुनाच कडा पुन्हा मोजण्यात तसे काही नाही.

जाता जाता एक गैरसमज: विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभराहून अधिक किलोमीटरवर, कान्होजी आंग्रे यांचे नाव असलेला आंग्रिया बँक पुष्कळांना सागरी पर्वत वाटतो. तो भूखंडमंचाच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या, कडेवरचा बुडालेला पठारी उंचवटा आहे, माथा २० मीटरच्या आसपास, त्यामुळे तिथे सूर्यप्रकाशावर जगणारे प्रवाळ आहेत. खोल पर्वतावरचे प्रवाळ अंधारात राहतात. दोन्हींना एकच संरक्षण-नियम लावता येत नाही.

तुमच्या सुरुवातीबद्दल. जहाजावर जागा मिळायला दोन-तीन वर्षे लागतील, तोवर वाट पाहू नका. बेलापूरला दिवाळे गावाच्या जेट्टीवर जा, तिथल्या एखाद्या कोळी काकांना विचारून भिंतीची सुरक्षित जागा निवडा आणि अर्धा मीटर बाजूची एक चौकट ठरवा. चौकटीचे चार कोपरे दगडाच्या नैसर्गिक खुणांवरून लिहून ठेवा, रंग लावू नका. दर महिन्याला उधाणाच्या ओहोटीला, त्याच उंचीवरून, पट्टी ठेवून छायाचित्र घ्या. कालवे आणि बार्नॅकल मोजा. तारीख, ओहोटीची वेळ आणि कॅमेऱ्याची लेन्स लिहा. पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडे होते तेव्हा मरतुक दिसेल, ते महिने गाळू नका. चौथ्या किंवा पाचव्या महिन्यात एकदा तरी चौकट नेमकी कुठे होती याबद्दल तुमचे आणि तुमच्या मैत्रिणीचे दुमत होईल. ते झाले की वहीतली पहिल्या दिवसाची नोंद उघडून पाहा आणि तिच्यात काय लिहायचे राहिले होते ते मला कळवा.